उतवावरच्या कांड्या

मार्तंडशेठ स्वतः कुरारची चढण चढून खोलीवर आला, तेव्हा शेवंतीनं हातातलं काम खाली ठेवलं. एरवी माल टाकायला आणि न्यायला त्याचा हातगाडीवाला यायचा. शेठचं दुकान मालाड स्टेशनसमोर, पेनांचं. पांढरी पँट, पांढरे बूट. असल्या बुटांनी भर श्रावणात मालाड पूर्वेचा चिखल तुडवायचा म्हणजे कामही तसंच असणार. तो दारात थांबला, बुटांकडे बघून त्यानं च्यक् केलं, आणि ते न काढताच आत आला.

आत बसायला जागा नव्हती. अर्धी खोली लेथनं खाल्ली होती. उरलेल्या अर्ध्या खोलीत शेवंतीची भुशाची शेगडी, पाण्याचं पिंप, मुलगी प्रेमाचं दप्तर आणि माणसं. लेथ शेठचा होता, पण तो इतकी वर्षं तिच्या नवऱ्याच्या, दत्तारामाच्या हाताखाली होता की त्याच्या लाकडी मुठीवर दत्तारामाच्या बोटांचे खळगे पडले होते. प्लास्टिकच्या कांडीला भोक पाडायचं, नळी कातायची, तिच्यावर टोपण फिरवून बसवायला आटे पाडायचे आणि त्याच कांडीच्या उरलेल्या तुकड्यातून तिचं टोपण काढायचं, हे त्याचं काम. मग शेवंती ते पेन बफच्या चाकावर धरून चमकवायची आणि प्रेमा टोपण आणि नळी लाल दोऱ्यानं एकत्र बांधायची.

बांधावंच लागे. दत्ताराम आटे हाताच्या अंदाजानं पाडायचा, त्यामुळे एका पेनाचं टोपण दुसऱ्या पेनाला बसत नसे. ज्याचं त्यालाच. एखादी नळी नंतर फुटली की तिचं टोपण वाया. शेवंती असल्या टोपणाला ‘विधुर’ म्हणायची आणि शेगडीशेजारच्या डब्यात टाकायची. डबा क्वचितच भरायचा, याचा दत्तारामाला अभिमान होता.

"दत्ताराम, खरं सांगतो, राग मानू नको," शेठ लेथवर हात ठेवून म्हणाला. "दिंडोशीला मोल्डिंगचं मशीन लागलंय. खटॅक केलं की नळ्यांचा ढीग. गिऱ्हाइकं सगळी तिकडं चाललीत. हाताच्या पेनाला आता विचारतो कोण?"

"मग?" दत्ताराम म्हणाला.

"मग काय. एक काम आलंय, तेवढं बघ. बोरिवलीच्या एका पतपेढीला पंचवीस वर्षं होतायत. दसऱ्याला सभासदांना पेनं वाटायचीत. त्यांच्या अध्यक्षाला हाताचीच पाहिजेत. म्हातारा आहे, हौशी आहे. काम झकास झालं तर त्याच्या ओळखीनं वर्षभर माल चालेल, लेथ इथंच राहील. नाही झालं, तर मी लेथ विकून मोकळा होतो. उगाच अडकून पडायला मला परवडत नाही."

त्यानं हातगाडीवाल्याला हाक मारली. गोणपाटातून कांड्या बाहेर आल्या. नेहमीच्या काळ्या, दगडासारख्या कांड्या नव्हत्या त्या. पांढऱ्याशुभ्र, मधून निळ्या रेघा धावलेल्या. मुलुंडला एक बटणं बनवणारा होता, त्यानं रेझिन ओतून त्या पहिल्यांदाच केल्या होत्या. प्रेमा दप्तरावरून उठून बघायला आली. खरंच सुंदर होत्या.

दत्तारामानं एक उचलली. नाकाला लावली. नख रुतवलं. मग लेथच्या लोखंडावर आपटली. धप् असा आवाज झाला.

"शेठ, हा कच्चा माल आहे," तो म्हणाला. "नख रुततंय बघा. पक्क्या कांडीचा टण् आवाज यायला पाहिजे. ह्या नुसत्या ठेवून द्यायला लागतील, दिवाळीच्या पुढंपर्यंत."

"दसरा म्हटलं मी."

"आटे आता पडतील, शेठ. पण मागनं कांडी आकसणार. टोपण आवळून बसणार."

"ते तू बघ ना. कारागीर तू का मी?"

शेठ गेला. फरशीवर त्याच्या बुटांचे ठसे राहिले, ते शेवंतीनं फडक्यानं पुसले.

त्या वर्षी ते गणपतीला गावी गेले नाहीत. दत्तारामाचा थोरला भाऊ धाकू एकटाच निघाला. जाताना दारात उभं राहून म्हणाला, "गणपती आपलो आसा की शेठचो?" दत्ताराम लेथला तेल घालत बसला. त्यानं मान वर केली नाही.

कांड्या भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी दत्ताराम एक कांडी घेऊन लेथवर आपटायचा. धप्. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. खोलीत कपडे वाळत नव्हते, मिठाला पाणी सुटलं होतं, पत्र्याखालचे वासेसुद्धा ओले होते. तिथं कांड्या काय वाळणार? दुपारी तो दारात बसून समोरच्या टेकडीकडे बघायचा आणि आपल्या तळहातावरचे घट्टे नखानं सोलायचा. काम नसलं की त्याचे हात त्यालाच खायला उठायचे.

अशाच एका दुपारी शेवंती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "ओ, आमच्या घरात चुलीवर उतव होतो, आठवता?"

"होय. मगे?"

"बियाणा त्येच्यावर, सुकी लाकडा त्येच्यावर. बाबांनी नांगराचो दांडो कच्चो हाडल्यानी तरी चार दिसांत खडखडीत. भर पावसात."

दत्ताराम हसला. "ता लाकूड गो. ह्या रेझिन."

"वला ता वलाच. लाकूड काय नि रेझिन काय!"

लेथवर त्याचा हात कुणी धरला नसता, पण मुलुंडच्या बटणवाल्यानं पातेल्यात काय कालवलं आणि ते कसं आळतं, हे त्याला कुठं ठाऊक? आयुष्यभर त्यानं काळ्या कांड्या कातल्या होत्या. आणि शेवंतीचं म्हणणं कानाला बरं लागलं. गावचं होतं, ओळखीचं होतं. मुंबईत येऊन इतकी वर्षं झाली, पण कशाचं काय करायचं हे आठवायची वेळ आली की दोघांनाही गावच आठवायचं.

संध्याकाळपर्यंत त्यानं बांबूच्या कामट्या आणल्या, त्या तारेनं बांधून चटई केली आणि पत्र्याखालच्या वाशाला टांगली. बरोबर शेगडीवर. गावच्या चुलीवर टांगलेला असायचा तसाच उतव. वर कांड्या अगदी ओळीनं मांडल्या. शेवंती खाली उभी राहून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर सासरी पहिल्यांदा मान मिळाल्यासारखं काहीतरी होतं.

शेगडी दिवसभर धुमसायची. भुशाची ऊब वर जायची आणि कांड्यांचा वास खाली यायचा. रंगाच्या डब्यासारखा, डोक्यात जाणारा. भाताला तोच वास, आमटीला तोच, उशीलाही तोच. भात तोंडात घेतला की जीभ चरचरायची. प्रेमा शाळेतून आली ती दप्तर फेकूनच.

"आई, मुली म्हणतात तुझ्या केसांना रॉकेलचा वास येतो. माझ्या बाकावर कुणी बसत नाही."

"नाय बसली तर नाय बसली. ऐसपैस बस," शेवंती म्हणाली आणि रिठ्याच्या पाण्यानं तिचे केस धुवायला बसली. वास गेला नाही. शेवंतीचेही डोळे सुजले होते, पण ती दर थोड्या वेळानं वर बघायची आणि भुसा घालायची.

मग एका सकाळी दत्तारामानं उतवावरून एक कांडी काढली आणि सवयीनं लेथवर आपटली.

टण्.

त्यानं दुसरी काढली. टण्. तिसरी. तो नख रुतवायला लागला, नख घसरलं. त्यानं कांडी शेवंतीच्या कानाजवळ नेऊन वाजवली, लहान पोरासारखी.

"शेवंते, तू मुलुंडच्या त्या कारखान्यात मॅनेजर व्हावक् व्हयी होतंस!"

"माका पगार कोण देतलो? तुमचो शेठ?" ती म्हणाली, आणि तोंडाला पदर लावून हसली. त्या दिवशी तिनं बांगड्याचं तिखलं केलं. त्यालाही कांड्यांचाच वास होता, पण तिघांनीही बोटं चाटून खाल्लं.

लेथ सुरू झाला. मोटरचा पट्टा फटफटायला लागला, भिंतीवरची भांडी थरथरायला लागली, शेजारणीनं नेहमीप्रमाणे शिव्या घातल्या, आणि दत्तारामाची पाठ सरळ झाली. कांडी फिरायला लागली की हत्यार धरलेला त्याचा हात कोपरापासून बोटापर्यंत एकच व्हायचा. पांढरा कीस उडायचा. भुवयांवर, कानात, छातीच्या केसांवर. घामात मिसळून त्याची खाज सुटायची. शेवंतीच्या बोटांची कातडी बफच्या चाकानं पातळ झाली होती, भांडी घासताना राख झोंबायची.

पहिल्याच दिवशी, पहिल्याच कांडीला भोक पाडताना एक गोष्ट झाली. ड्रिल आत गेलं तेव्हा आधी कोरडा चुरा आला, आणि मग मधून चिकट, मऊ वेटोळं बाहेर आलं. भिजल्या पिठासारखं. दत्तारामानं मोटर बंद केली. ते वेटोळं त्यानं अंगठा आणि तर्जनीत चुरगाळलं. ते तुटलं नाही. त्यानं नळी उजेडाकडे धरली. शेगडीकडची बाजू घट्ट होती, पत्र्याकडची बाजू जराशी निस्तेज.

शेवंती मागं बसून बफला पांढरी पावडर लावत होती. "काय झाला?" तिनं विचारलं.

"काय नाय," दत्ताराम म्हणाला. त्यानं हात लुंगीला पुसला आणि मोटर पुन्हा सुरू केली. गाभा तर ड्रिलनं निघूनच जातो, असं त्यानं मनाला समजावलं. मनाला समजावणं सोपं होतं. समोर लेथ फिरत होता.

पेनं झाली, आणि काय झाली! दत्तारामाच्या हातून अशी पेनं आजवर उतरली नव्हती. निळी रेघ नळीवरून चढून टोपणावर जायची आणि न तुटता पुढं सरकायची, कारण दोन्ही एकाच कांडीतून निघालेली. टोपण फिरवलं की रेघ रेघेला येऊन भेटायची आणि टोपण तिथंच थांबायचं. लाल दोऱ्यात बांधलेल्या त्या जोड्या बघून मार्तंडशेठनं दुकानातल्या पोऱ्याला चहा सांगितला.

"दत्ताराम, तुझा लेथ आता कुठं हलत नाही," तो म्हणाला.

दत्ताराम घरी आला तो येताना लेथसाठी नवा पट्टा घेऊन आला. पैसे शेवंतीनं विचारले नाहीत. दसऱ्याला त्यांनी लेथला झेंडूचा हार घातला, मोटरला हळद-कुंकू लावलं. शेवंतीनं उतवालाही एक फूल वाहिलं. कुणाला दिसणार नाही असं, कामटीत खोचून.

दसऱ्यानंतर ऊन कडक पडलं. दिवाळीचं सामान बाजारात यायला लागलं तेव्हा हातगाडीवाला आला. गाडी रिकामी होती.

"शेठनं बोलावलंय. आत्ताच्या आत्ता. वाट लागलीय तिकडं," तो म्हणाला.

शेवंतीही बरोबर निघाली. दत्तारामानं नको म्हटलं, तरी ती चप्पल घालून मागं चालतच राहिली.

दुकानाच्या काउंटरवर ती पेनं पडली होती. ढीग. लाल दोरे गेले होते, पण प्रत्येक टोपण आपापल्या नळीवर घट्ट बसलं होतं. बसलं होतं म्हणजे रुतलं होतं. ऊन लागलं तशी नळी आणि टोपण दोन्ही एका अंगानं आकसली होती, गोल राहिली नव्हती, आणि टोपण नळीला आवळून बसलं होतं.

"उघड," शेठ म्हणाला.

दुकानात दिवाळीच्या सुट्टीआधीची गर्दी होती. दोन शाळकरी मुली मोल्डिंगची रंगीत पेनं निवडत होत्या. दत्तारामानं पहिलं पेन हातात घेतलं, फडक्यात धरलं आणि पिळलं. हललं नाही. दुसरं घेतलं. ते उघडलं, पण टोपणाला उभी चीर गेली. तिसऱ्याला त्याच्या तळहाताची साल निघाली. पांढऱ्या नळीवर रक्ताचा पुसट डाग पडला, तो त्यानं सदऱ्याला पुसला. चौथ्याच्या वेळी त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं पेन तोंडात घातलं आणि दातांनी टोपण धरलं.

मुली खुदकन हसल्या.

"दातांनी? माझ्या दुकानात?" शेठ ओरडला. "ठेव ते. ठेव म्हणतो ना! पतपेढीचा अध्यक्ष परवाच्या सभेत स्टेजवर सही करायला उभा राहिला आणि पेन उघडेना. सभासदांनीही वाटलेली पेनं परत आणून टाकली. चारचौघांत शोभा झाली माझी. कांड्या वाळवल्यास कुठं तू?"

शेवंती बाहेर पायरीवर उभी होती. ती एक पाऊल पुढं आली.

"चुलीवर," दत्ताराम म्हणाला. "मीच टांगल्या. माझंच डोकं."

"चुलीवर!" शेठनं मुलींकडे बघितलं, गिऱ्हाइकांकडे बघितलं. "बोंबील वाटले का तुला?"

आता सगळंच दुकान हसलं. दत्तारामही थोडं हसला, हसायचं असतं म्हणून. शेवंतीला ते त्याचं हसणं सहन झालं नाही. ती पायरी उतरून रस्त्यात उभी राहिली आणि तिनं डोळ्यांना पदर लावला. कच्च्या मालाबद्दल तो आधीच सांगून चुकला होता, हे त्याला तिथं बोलता आलं असतं. तो बोलला नाही. शेठलाही ते आठवलं नाही, किंवा आठवलं तरी सोयीचं नव्हतं.

लेथ न्यायला माणसं आली तेव्हा दत्तारामानं स्वतःच बोल्ट सोडवले. दुसऱ्याच्या पान्यानं आटे खराब झाले असते. मूठ काढून फडक्यात गुंडाळली, नवा पट्टाही सोबत दिला. चढणीवर गाडी घसरू नये म्हणून तो मागून हात लावत खालपर्यंत गेला. खोलीत जमिनीवर बोल्टांची भोकं राहिली आणि तेलाचा काळा डाग. शेवंतीनं तो डाग सोडा घालून घासला, पण तो गेला नाही. मग तिनं उतव खाली काढला, कामट्या मोडल्या आणि शेगडीत घातल्या. दसऱ्याचं वाळकं फूल त्यातच होतं.

दत्ताराम कामाच्या शोधात हिंडला. मुलुंडपर्यंत जाऊन आला. लेथवाले हात बघायचे, वय बघायचे आणि पाणी विचारायचे. घरी असला की तो जे हाताला लागेल ते वाजवायचा. पाट, तांब्या, प्रेमाची पट्टी. टण् की धप्, ऐकायचा आणि ठेवून द्यायचा. शेवंती रोज वाट बघायची, आज हा आपल्याला बोलेल. तुझ्या उतवानं घात केला म्हणेल, ताट भिरकावेल, शिवी देईल. तो ताट धुवून पालथं घालायचा. तिला वाटायचं, मारलं असतं तरी बरं झालं असतं.

पलीकडच्या गल्लीतली रतन दिंडोशीच्या मोल्डिंगच्या कारखान्यात कामाला होती. बाई मोकळ्या मनाची. एक दिवस तीच दारात येऊन म्हणाली, "शेवंते, असं हातावर हात ठिवून किती दिस बसणार गं? आमच्या हितं घरी न्यायचं काम देत्यात. टोपनं लावायची नुस्ती. काय अवघड न्हाय. पोरीसुदिक करत्यात."

दोन पोती आली. एकात नळ्या, एकात टोपणं. लाल, हिरवी, निळी, हलकी. लेथच्या जागेवर ती रिकामी केली आणि तिघं भोवती बसली, शेवंती, दत्ताराम आणि प्रेमा. प्रेमानं सवयीनं लाल दोऱ्याचं बंडल काढलं, मग आईकडे बघून परत ठेवलं.

दत्तारामानं एक टोपण घेतलं, एका नळीवर फिरवलं. बसलं. त्यानं ते काढलं आणि दुसऱ्या नळीवर लावलं. बसलं. तिसऱ्या. बसलं. तो ढिगातून नळ्या उचलत राहिला, एकच टोपण सगळ्यांना लावत राहिला. न बसणारी एखादी तरी निघेल, असं बघत होता बहुतेक.

"ओ, कुठलाय चालता," शेवंती हळूच म्हणाली.

"होय. चालता खरा."

त्याचं ते चाललेलं बघून तिचा बांध फुटला. "एकदा तरी बोला माका! उतव माझो होतो. मीच सांगलंय. माझ्यामुळे लेथ गेलो. बोलणत कित्याक नाय?"

प्रेमा मान खाली घालून टोपणं लावत राहिली. दत्तारामानं हातातली नळी तेलाच्या डागावर उभी केली.

"तुका काय बोलू?" तो म्हणाला. "मी बघलेलंय गो. पयल्याच दिसाक, पयल्याच कांडयेक. गाभो वलो होतो."

शेवंती त्याच्याकडे बघतच राहिली. इतके दिवस जे ओझं एकटीनं वाहिलं, त्याचं आता काय करायचं हे तिला कळेना. आधी तिला राग आला.

"मगे थांबल्यात कित्याक नाय?"

"थांबलंय असतंय तर लेथ त्याच दिसाक गेलो असतो," दत्ताराम म्हणाला. "तितके दिस तरी चालवलंय."

त्यानं नळी उचलली आणि ढिगातलं हाताला आलं ते टोपण लावलं. मग दुसरी घेतली. शेवंतीनंही पदरानं नाक पुसलं आणि एक मूठ टोपणं आपल्याकडे ओढली. सकाळी रतन माल न्यायला येणार होती.